काळ्या दाण्यांची ओळ

वडिलांचा, अप्पांचा, लातूरजवळच्या मुरुडहून फोन आला तेव्हा मी नांदेडला, प्रयोगशाळेत होते. पेरणीसाठी घरचं सोयाबीन निवडताना त्यांना मूठभर काळे कुळकुळीत दाणे सापडले होते.

“भेसळ म्हणावं तर बी घरचंच हाय. तू हेच शिकायलीस ना?”

मी तेच शिकत होते. दोनच दिवसांत अप्पा दाणे रुमालात बांधून एसटीनं माझ्याकडे आले. पिवळ्या दाण्याच्या सालीत सापडणारे आरएनएचे सूक्ष्म तुकडे मी त्यांना संगणकावर दाखवले. दिसायला नुसता एक अंधूक पट्टा. अप्पा चष्मा पुसून खुर्ची पुढं ओढून बसले.

“काळा रंग करणारी जनुकं पिवळ्या दाण्यातही असतातच, अप्पा. ती निरोप धाडतात, पण हे बारके तुकडे तो वाटेतच कातरून टाकतात.”

“थांब गं, परत सांग. मंजी रंग गेला न्हाई, गप केलाय?”

“हो. आणि हे गप्प करणं बियांतून पुढच्या पिढीत जातं.”

“आन् ह्या काळ्यात?”

“यांच्यात ते तुकडे बनतच नसावेत. मग यांची पोरंही काळीच निघतील.”

“पेरून बघू,” अप्पा हसले. “काढणीला मातर तू यायचं.”

विहिरीजवळ त्यांनी वेगळी ओळ पेरली. फुलं आली, शेंगा धरल्या, सगळं फोनवर कळत होतं. शेंगा पिवळ्या पडायला लागल्या आणि एका पहाटे अप्पा झोपेतच गेले. त्यांना आम्ही शेतातच माती दिली.

मी काढणीपर्यंत थांबले. आईनं ती ओळ कुणाला उपटू दिली नव्हती. “लेक आल्याबिगर हात लावायचा न्हाई म्हणलेते,” ती म्हणाली. बांधावर बसून आम्ही दोघींनी शेंगा फोडल्या. प्रत्येक शेंगेत काळेच दाणे.

“सांग की त्यांना,” आई म्हणाली.

ताज्या मातीकडं बघत मी मोठ्यानं सांगितलं, “अप्पा, काळेच निघाले.” आईनं माझ्या पाठीवर हात ठेवला.

आता लातूरच्या कॉलेजात मी हाच धडा शिकवते. मुलं भराभर उतरवून घेतात, परीक्षेला काय येईल ते विचारतात. कुणीतरी मध्येच अडवून “थांब गं, परत सांग” म्हणावं, असं मला दरवर्षी फार वाटतं.