आणि की किंवा

परभणीच्या कृषी विद्यापीठात माझी रोजंदारी टिकली ती लायब्ररीत संगणक चालवणाऱ्या भाऊंमुळे. डोक्यावरची टोपी न काढता ते एकाच बोटाने बटणं दाबायचे. चहासुद्धा संगणकाला सांगावा तसा मागवायचे, "चहा आणि खारी, साखर वगळून!"

मी सातवी नापास, रत्नागिरीकडचा. पिकांवर संशोधन करणाऱ्या आमच्या साहेबांनी मला लायब्ररीतून लेखांची यादी आणायला धाडलं. चिठ्ठीवर दोनच शब्द होते, ज्वारी आणि त्याखाली खोडमाशी, म्हणजे ज्वारीवरची कीड.

भाऊंनी विचारलं, "पाव्हणं, मधी 'आणि' घालू का 'किंवा'?"

कळलं नाही म्हणायची लाज वाटली. मी ऐटीत म्हणालो, "किंवा."

छपाई सुरू झाली ती थांबेचना. जगातली सगळी ज्वारी आणि झाडून साऱ्या खोडमाश्या उतरल्या, कागद दारापर्यंत गेला. आता साहेब मला कामावरून घरी पाठवणार, असं मला वाटलं.

भाऊ पोट धरून हसले. "अवो, ताडकळसच्या बाजारात 'देवणी जातीचा किंवा गरीब सोभावाचा' बैल मागितला तर निम्मा बाजार मागं लागंल. 'देवणी आणि गरीब' म्हणा, चारच ऱ्हातेत!"

मग मलाच खुर्चीत बसवून त्यांनी 'आणि' घालायला लावलं. अकरा लेख निघाले.

तेवढ्यात साहेब आले आणि जमिनीवरचा कागद बघून भडकले.

"चूक माझी हाय साहेब," भाऊ म्हणाले. "यादी मातर यांनी काढलीय."

भीतीने मी गप्पच राहिलो, ते अजून मनाला लागतं. कधी भाऊंवर कुणी असं भडकलं, तर मी पुढे होऊन "चूक माझी" म्हणेन, हा माझा शब्द.