दाजींना फिरवा

मला आतड्याचा कॅन्सर झाला, तेव्हा आमच्या घरात सर्वांत जास्त व्यायाम मेहुण्याच्या जीपला झाला.

नव्वदीच्या दशकाची अखेर होती. आम्ही इंदिरानगरात राहायचो. सर्जननी मला, बायकोला आणि तिच्या भावाला, सुरेशला, समोर बसवून सांगितलं, "ऑपरेशन मोठं आहे, शरीराला झेपलं पाहिजे. यांना झोपवून ठेवू नका, रोज फिरवा. महिन्याने इथला जिना माझ्यासमोर चढून दाखवायचा. धाप लागली तर ऑपरेशन पुढे जाईल."

ऑपरेशन पुढे जाईल, पण पोटातली गाठ तोवर थांबणार होती का? माझी तर पाचावर धारण बसली. काही झालं तरी रोज चालायचं, असं ठरवूनच मी घरी आलो.

सकाळी बूट घालून बाहेर पडतो, तर दारात जीप. सुरेश सटाण्याचा कांद्याचा व्यापारी. माणूस सोन्यासारखा, पण ऐकतो अर्धं.

"बसा दाजी, गाडी तयार शे."

"कशाला?"

"डॉक्टरच बोलले ना, दाजीले रोज फिरवा!"

अख्खा महाराष्ट्र फिरायला जातो तो पायांनी. पण सुरेशच्या लेखी फिरवणं म्हणजे पाहुण्याला गंगापूर धरण दाखवणं. मी परोपरीने समजावलं. बायको म्हणाली, "तो बिचारा एवढा धंदा सोडून आलाय आणि तुम्ही नखरे करताय." (बिचारा तो! कॅन्सर मला.)

मग रोज धरण, रोज सोमेश्वर. एकदा पांडवलेणीच्या पायथ्याशी गाडी थांबली. पायऱ्या पाहून मला हुरूप आला. म्हटलं, "एवढ्या तरी चढू दे." सुरेशने दार बाहेरून धरून ठेवलं आणि खिडकीतून उसाचा रस दिला. माझ्यापेक्षा वयाने मोठी माणसं टणाटण वर जाताना मी रस पीत बघत बसलो.

शेवटी एका सकाळी मागच्या दाराने निसटलो. कोपऱ्यापर्यंत गेलो असेन, तोच शेजारचे कुलकर्णी स्कूटर घेऊन आडवे आले. "अहो, अशा अवस्थेत पायी? घरात कोणी बघत नाही वाटतं?" बळेबळे मागे बसवून त्यांनी मला परत आणलं आणि वर बायकोला चार शब्द सुनावले. त्या दिवसापासून माझे बूट कपाटात कुलपाआड गेले.

मी असा चिडलो की घरातल्या घरात येरझाऱ्या घालायला लागलो. हॉल ते स्वयंपाकघर, स्वयंपाकघर ते हॉल. तोंडाचा पट्टा चालूच. बायकोला वाटलं, मी काळजीने खंगतोय. तिने लाडूंची संख्या वाढवली.

जिन्याचा दिवस आला. दवाखान्याच्या पहिल्या पायरीपाशी सुरेश माझ्यापुढे वाकला. "चढा पाठवर. आज दमायचं नई दाजी."

"अरे, मीच चढायचंय!"

"चढनारच ना तुम्ही. पाठवर."

आणि त्याने मला पाठुंगळीला घेतलंसुद्धा! वर सर्जन वाट बघत उभे होते. सुरेश भिंतीला टेकून भात्यासारखा धापा टाकत होता. सर्जननी त्याची नाडी बघितली. "यांचं ऑपरेशन मी करणार नाही," ते म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "तुम्ही खाली जा, आणि पायांनी या."

मी खाली गेलो आणि वळलो. महिनाभराचा संताप वर आला. "बैल आहेस तू, बैल! धरण दाखवतोस? रस पाजतोस? माझा जीव टांगणीला आणि तू..." असं बोलत बोलत वर पोचलो, तेव्हा अजून निम्मं बोलायचं राहिलं होतं.

सर्जन खूश झाले. "चढताना एवढं बोलता येतंय म्हणजे दम आहे. तयारी उत्तम झालीय."

"बोलण्यावर जाऊ नका डॉक्टर," बायको म्हणाली. "हे बुडतानासुद्धा भांडतील."

ऑपरेशन झालं. पुढचं बायकोने नंतर सांगितलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आणि सुरेश वॉर्डबाहेर बसले होते. रात्रभर दोघांच्या पोटात अन्न नव्हतं. आतून सिस्टर तणतणत बाहेर आली. "तुमचं पेशंट फार तापट आहे हो. चार पावलं चालवायला उठवलं, तर भांडायलाच लागले."

"भांडतायत?" बायकोने डोळ्यांना पदर लावला. "मग बरे आहेत. काय म्हणतायत?"

"म्हणतात, एवढ्या आजारी माणसाला पायी काय चालवता, गाडी नाही का तुमच्याकडे?"