ओढणाऱ्यांचा वाटा

काथ्याच्या ओल्या दोराचा वास आला की आमची जुनी गाडी आठवते. ओहोटीच्या घट्ट वाळूवर मी तिचा ब्रेक उघडून बसले होते. त्या नादात भरती कळलीच नाही. गाडी बॉनेटपर्यंत बुडाली. किनाऱ्यावरून रापणीचं मोठं जाळं ओढणाऱ्या रापणकरांनी जाळ्याचे दोर बांधून ती ओढून काढली.

“ओढणाऱ्याक मासळेचो वाटो मिळता. आज आमचो वाटो खंय गो?” त्यांच्यातली जनाकाकू म्हणाली. सगळे हसले. मी मान वर केली नाही.

नव्या इंजिनात माझ्या पाटल्या गेल्या. ब्रेक मात्र मीच बसवला, आणि वाटा म्हणून सगळ्यांना खेपा करून कट्टा गावच्या बाजारात नेलं. ती शरम आता आठवत नाही. आठवतो तो बाजाराच्या वाटेवरचा उतार. आडवी म्हैस आली, मी ब्रेक दाबला आणि गाडी जागच्या जागी थांबली.

शेजारी बसलेली जनाकाकू म्हणाली, “माझो वाटो पावलो गो.”