सत्तारचाचांचा पत्ता

अमरावतीच्या कचेरीसमोर अब्दुल सत्तार यांचं टंकलेखनाचं टेबल आहे आणि त्याला खेटून माझं झेरॉक्सचं दुकान. टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आला, तरी चाचांची एक सवय सुटली नाही. कागद तयार झाला की चष्मा नाकावर ओढायचा आणि अख्खा कागद मोठ्यानं वाचून दाखवायचा. नाव, वय, राहणार, मोबाइल नंबर, सगळं. खुशालराव नावाच्या धडधाकट माणसाला एका अर्जात कुणीतरी मयत करून टाकलं होतं आणि बिचाऱ्याला पुन्हा जिवंत व्हायला दोन वर्षं लागली. तेव्हापासून न वाचलेला कागद चाचांच्या टेबलावरून हलला नाही.

मी त्यांना रेडिओ म्हणायचो. टेबलासमोरच्या बाकावरची माणसं आपली पाळी येईपर्यंत दुसऱ्यांचे कागद ऐकत बसायची. मीही ऐकायचो. खोटं कशाला बोलू, मजा यायची.

गेल्या दिवाळीनंतर शकुन आली. उजवा हात प्लास्टरमध्ये. बडनेऱ्याहून फुलांची टोपली घेऊन येताना तिच्या ऑटोला मालट्रक घासला होता. भरपाईच्या दाव्यासाठी तिला पोलिसांतल्या अपघाताच्या नोंदीची प्रत हवी होती. ती नोंद इंटरनेटवर कुणालाही दिसते. चाचांनी ती उतरवली, छापली आणि सवयीप्रमाणे वाचायला घेतली. शकुन हळूच म्हणाली, राहू द्या. बाई लाजते आहे असं समजून चाचांनी आवाज आणखी चढवला. मावशी मनकर्णाबाईचं घर, देवळामागची गल्ली, मोबाइलचे दहाच्या दहा आकडे, सगळ्या बाकानं ऐकले.

आम्हाला ठाऊक नव्हतं ते हे, की मारहाणीला कंटाळून शकुन वर्षभरापूर्वी नवऱ्याचं घर सोडून आली होती आणि ती कुठे आहे याचा त्याला पत्ता नव्हता. त्याच्याच गावचा एक माणूस त्या दिवशी बाकावर सातबाऱ्याच्या कामाला बसला होता.

चौथ्या दिवशी नवरा, धर्मेंद्र, मनकर्णाबाईच्या दारात उभा राहिला. त्यानं फुलांच्या टोपल्या तुडवल्या, तिच्या प्लास्टरमधल्या हाताला धरून तिला ओढलं. शेजाऱ्यांनी त्याला हाकललं, पण ते घर आता तिला राहण्याजोगं उरलं नाही.

ती पुन्हा टेबलापाशी आली तेव्हा भांडेल असं मला वाटलं होतं. ती फक्त एवढंच म्हणाली, "चाचा, तुमच्या कागदात काहीच चूक नवती. म्हनूनच तो बराबर दारात आला."

चाचांनी त्या दिवशी दुसरं काम घेतलं नाही. ते ठाण्यात गेले. तिथला हवालदार नीट बोलला. इंटरनेटवरच्या नोंदीतला पत्ता झाकण्यासाठी अर्ज करा म्हणाला, पण आतापर्यंत ज्यानं बघितलं त्याच्या डोक्यातून तो कसा पुसणार, असंही म्हणाला. चाचा अर्ज टाइप करायला बसले आणि पहिल्याच ओळीत अडकले. अर्जदाराचा सध्याचा पत्ता. दाव्याच्या कागदांवरही तेच हवं होतं. पत्ता लपवायचा तर आधी पत्ता द्या, असला हा कारभार. मला संताप आला, आणि इतकी वर्षं मजेत ऐकत बसलो याची लाजही वाटली.

वकिलाला विचारलं, तर टपाल पोचेल असा कुठलाही पत्ता चालेल म्हणाला. चाचांनी टाइप केलं: द्वारा अब्दुल सत्तार, टंकलेखक, कचेरीसमोर, अमरावती. खाली स्वतःचा मोबाइल नंबर. हा कागद त्यांनी वाचला नाही. तिच्याकडे फिरवून ठेवला. तिनं डाव्या हाताचं बोट एकेका ओळीखाली फिरवून तो तपासला. त्या दिवसापासून चाचांनी कुणाचाच कागद मोठ्यानं वाचला नाही.

या वयात हे काहून अंगावर घेता, असं मी विचारलं. त्यांनी दाव्याच्या कागदांवरही तोच पत्ता टाइप करायला घेतला.

गेल्या महिन्यात धर्मेंद्र दाव्याच्या कागदाची कुठून तरी मिळवलेली प्रत घेऊन माझ्याच दुकानात आला आणि हा पत्ता कुठला म्हणून विचारू लागला. मी टेबलाकडे बोट दाखवलं.

"शकुन कुठी रायते?" त्यानं चाचांना विचारलं.

चाचांनी त्याच्या हातातला कागद घेतला, चष्मा नाकावर ओढला आणि कितीतरी महिन्यांनी पूर्वीच्या आवाजात वाचलं: द्वारा अब्दुल सत्तार, टंकलेखक, कचेरीसमोर. मग मोबाइल नंबर, एकेक आकडा तोडून. सगळा बाक वळून बघू लागला.

"पत्ता बराबर हाय," चाचा म्हणाले. "माहाच हाय. बसा. जे बोलाचं ते इथंच, या सगळ्यायसमोर बोला."

धर्मेंद्रनं बाकावरच्या माणसांकडे बघितलं. कुणीच नजर हटवली नाही. तो कागद टेबलावरच टाकून निघून गेला.

शकुन दर सोमवारी येते, टपाल घेते, जाते. ती कुठे राहते हे मला ठाऊक नाही. चाचांनाही नाही. त्यांनी विचारलंच नाही.