गयाबाई गुरवीण आणि उघडी माय

गाभाऱ्याच्या उंबऱ्यापाशी कोणी पुरुष आला, की गयाबाई गुरवीण आधी त्याचे डोळे बघायची. नजर वर असली तर हातातला कुंचा आडवा धरायची. "खाली पाहा. माय बाळंत होऊन राह्यली." तालुक्याचा साहेब असो की गावचा पोलीस पाटील, नजर पायरीवर आल्याशिवाय कुंचा हटत नसे. तिचा स्वतःचा पदर मात्र डोक्यावरून कधी ढळलेला मी पाहिला नाही, भांडतानासुद्धा नाही. आणि भांडायची ती खूप.

आमचं गाव तीर्थपुरीच्या अलीकडे. गावाबाहेर काळ्या दगडाचं छोटं देऊळ आहे. आतली देवी इतर देवींसारखी नाही. डोक्याच्या जागी उमललेलं कमळ, अंगावर वस्त्र नाही, गुडघे फाकवून बसलेली, प्रसूतीच्या बेतात. आम्ही तिला नुसतं माय म्हणतो. दिवस गेलेली बाई पोट दिसू लागलं की इथे येते. गयाबाई दाराला घोंगडी लावायची, पुरुषांना बाहेर काढायची आणि त्या बाईला स्वतःच्या हाताने मायच्या पोटाला लोणी लावायला सांगायची. हाताला उरलेलं लोणी त्या बाईच्या पोटाला. मग म्हणायची, "झाली वळख." तिच्या लेखी त्या घडीपासून ते लेकरू मायचं. मुलगा की मुलगी, हा प्रश्न तिथे संपला.

आज गावात गयाबाईचं नाव निघालं, की लोक म्हणतात, ती पोट पाडायचं औषध देणारी. नव्या सुनांना तिच्याबद्दल तेवढंच ठाऊक आहे. हे मी पसरवलं. मी देवस्थानाचा सचिव होतो, शाळेचा निवृत्त मुख्याध्यापक होतो. माझ्या शब्दावर कोणी शंका घेत नव्हतं. म्हणून ती खरी कशी होती, हे सांगणंही माझ्याकडेच येतं.

ती गरीब बिचारी वगैरे नव्हती. मिसरी लावत चौकटीत बसायची. ओटीतला चांगला खण बिनदिक्कत आपल्याकडे ठेवायची. नारळ नासका निघाला तर आणणाऱ्या बाईला पुढच्या मंगळवारीही टोमणे मारायची. एकदा एका वऱ्हाडातल्या नवरदेवाच्या मेव्हण्याने मायसमोर मोबाईल धरला. गयाबाईने लोण्याचा हात त्याच्या मोबाईलच्या काचेवरून सावकाश फिरवला. "पाव्हणे, तुमच्या मायनं तुम्हाला काढलं तवा कोणी फोटू काढल्ता का? न्हाई ना? मंग." सगळं वऱ्हाड हसलं. मला हसू आलं नाही. मला लाज वाटत होती, आणि ती त्या मूर्तीची वाटत होती.

पुढे विश्वस्तांच्या बैठकीत मीच विषय काढला. शिकलेले लोक बाहेरगावाहून येतात, लेकीबाळी बरोबर असतात, देवीचं असं रूप शोभत नाही. मायला चांदीचा पत्रा बसवावा, वर मुखवटा, त्यावर नऊवारी. गयाबाई दाराबाहेर बसून ऐकत होती. तिने आत न येताच सांगितलं, "गुरुजी, उघडं आन बाळंत यात फरक हाय. तुमाला बाळंतीण उघडी दिसून राह्यली तर तुमच्या डोळ्याला पट्टी बांधा. पत्रा तिला काहून?" दोघातिघांनी तोंड फिरवून हसून घेतलं. ठराव मात्र मंजूर झाला. दगडात लोणी मुरायचं. पत्र्यावर ते नुसतं ओघळतं आणि पुजाऱ्याला फडक्याने पुसावं लागतं.

पत्रा घडवायला दिला होता, त्याच दिवसांत माझ्या सुनेला तिसऱ्यांदा दिवस गेले. दोन नाती घरात खेळत होत्या. यंदा मुलगा व्हावा म्हणून माझ्या बायकोने घाईने सुनेला मायकडे नेलं. सुनेने लोणी लावलं. गयाबाई म्हणाली, झाली वळख. त्यानंतर आम्ही गर्भ तपासून घेतला. कुठे, कोणाकडे, ते लिहीत नाही. कायद्याने तो गुन्हा आहे हे मला पुरतं माहीत होतं. मुलगी होती. गावातली हुशार घरं आधी तपासत आणि मुलगा असला तरच लोण्याची वाटी घेऊन देवळात येत. आम्ही उलटं केलं होतं.

बायकोने गयाबाईला एकीकडे घेऊन पोट पाडायच्या झाडपाल्याचं विचारलं. पूर्वी गयाबाई बाळंतपणंही करायची, तेव्हा तिला काही ठाऊक असेल असा हिशेब. त्याच संध्याकाळी ती आमच्या ओट्यावर येऊन बसली. चहा तिने घेतला नाही.

"गुरुजी, त्या लेकराची मायसंग वळख झाली. दारात आलेल्या पाव्हण्याला तू कोण म्हणून माघारी लावता का तुमी? नको असंल तर मला द्या. मी वाढवीन, बिलकुल तुमच्या दारी आणणार न्हाई."

मी म्हणालो, "तुम्ही तुमचं देऊळ सांभाळा, आम्ही आमचं घर सांभाळतो."

सून आतल्या दाराशी उभी होती. गयाबाईने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि ती उठून गेली.

आम्ही जे करायचं ते शहरात नेऊन केलं. परत आल्यावर सुनेचा रक्तस्राव थांबेना. तिला जालन्याला दाखल करावं लागलं आणि गावात कुजबूज सुरू झाली. मला तुरुंग दिसू लागला. त्याहून जास्त भीती अब्रूची होती. कोणी विचारण्याआधीच मी बैठक बोलावली आणि सांगितलं, गयाबाईने सुनेला काहीतरी पाजलं. मी एवढंच बोललो. बाकीचं लोकांनी आपापलं जोडलं. कोणाला जुना गर्भपात आठवला, कोणाला मेलेलं मूल. जिची चारही मुलं गयाबाईच्या हातावर जन्मली होती, ती बाईदेखील म्हणाली, तिचा हात मला आधीपासूनच बरा वाटत नव्हता.

गयाबाईला बोलावून विचारलं. तिला सगळं ठाऊक होतं. एका वाक्यात ती मला उघडं पाडू शकली असती. पण तसं करायचं, तर भर बैठकीत माझ्या सुनेच्या पोटाची चर्चा झाली असती. ती माझ्याकडे बघत म्हणाली, "मी त्या पोरीचं नाव चार माणसांत घेणार न्हाई. तिची लाज हाय. तुमची तुमी पाहा." लोकांना तो कबुलीजबाब वाटला. मी तो तसाच वाटू दिला. तिची पूजा काढून तिच्या पुतण्याकडे दिली. देवळाच्या किल्ल्या तिने उंबऱ्यावर ठेवल्या आणि ती आष्टीला लेकीकडे गेली, ती पुन्हा गावात आली नाही.

ती वारल्याचं कळलं तेव्हा मी गेलो नाही. आष्टीला गेलो ते माझी बायको वारल्यावर. गयाबाईच्या लेकीचं नाव सखू. तिने मला बसायला दिलं. मी सगळं सांगितलं, तेव्हा ती रडली नाही की चिडली नाही. तिने आईच्या शेवटच्या दिवसांची एक गोष्ट सांगितली. सखूची मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती. गयाबाईने नातीच्या पोटाला हात लावला नाही. तिला कधी पाण्याचा तांब्यासुद्धा स्वतःच्या हाताने दिला नाही. तहान लागली म्हणाली तर सखूला हाक मारायची. सखूने एकदा विचारलं तेव्हा म्हणाली, "उद्या तिला काही झालं तर? माझ्या हातचं म्हणतील."

मग सखू मला म्हणाली, "हे मला काहून सांगून राह्यले, गुरुजी? मला म्हाईत होतं. तुमच्या गावाला सांगा."

गावाला सांगायचं तर सुनेचं नाव येणार. गयाबाईने ज्यासाठी स्वतःचं नाव घालवलं, तेच मी मोडणार. म्हणून मी सुनेला विचारलं. ती अंगणात हरभरा पाखडत होती. सूप थांबवलं नाही.

"तेव्हा कोणी विचारलं न्हाई, मामा," ती म्हणाली. सुपातलं फोलपट उडवत म्हणाली, "लिहा. माझं नाव टाका. गयाबाई आजीवरचा डाग पुसला जाऊ द्या."

माझ्या सुनेचं नाव अर्चना. गयाबाईने तिला काहीही पाजलं नव्हतं. शहराच्या गाडीत तिला मी बसवलं. ती येत नव्हती.