भामाकाकींचं नाक

भामाकाकींनी मला पहिल्यांदा पाहिलं नाही, हुंगलं.

मी त्यांच्या अंगणात पत्र्याची ट्रंक खांद्यावर घेऊन उभा होतो. त्या पायरीवर होत्या. ठेंगण्या, सावळ्या, लुगडं वर खोचलेलं, हातात कोयती. "नमस्कार, खोलीसाठी आलोय" एवढं मी म्हणेपर्यंत त्या खाली उतरल्या, माझ्या मानेपाशी नाक आणलं, डोळे मिटले आणि लांबलचक श्वास घेतला. माझं लक्ष कोयतीकडे होतं.

"घाटावरचा," त्या डोळे न उघडता म्हणाल्या. "गुळाच्या दुकानातला. विडी ओढीत नायस, ता बरा हाय. डोक्याला वासाचा तेल लावतोस, ता उद्यापासून बंद."

मी लहानाचा मोठा झालो ते कऱ्हाडकडच्या आमच्या मामांचं गुळाचं दुकान रत्नागिरीत कुणालाच ठाऊक असायचं कारण नव्हतं. ट्रंक माझ्या खांद्यावरून घसरली ती थेट त्यांच्या पायरीवर. खोली अशी ठरली.

ही गोष्ट एकोणीसशे पन्नासनंतरच्या पहिल्या काही वर्षांतली. मी एका शाळेत चित्रकलेचा मास्तर म्हणून नुकताच रुजू झालो होतो आणि चार महिन्यांत दोन घरांतून बाहेर पडलो होतो. पहिल्या घरमालकाला मी अंघोळीला घेत असलेले तांबे मोजायची सवय होती. दुसरे मालक माझ्या चित्रांतली माणसं आपल्याच घराण्यावर काढलेली आहेत असं समजून रुसले. एकट्या पुरुषाला गावात तिसरी खोली मिळणं कठीण. भामाकाकींचं नाव सुचवणारा शिपाई म्हणाला होता, "तिथं कोण टिकत नाय हां मास्तर. पण खोली रिकामी हाय, ता खरा."

रिकामी का, ते वैशाखात कळलं. एका सकाळी काकी पेंढ्याचे भारे घेऊन माझ्या खोलीत शिरल्या, माझी खाट पायानं भिंतीकडे सरकवली आणि उरलेल्या सगळ्या जमिनीवर पेंढा पसरला. त्यावर हापूसचे कच्चे आंबे, त्यावर पुन्हा पेंढा, पुन्हा आंबे. अढी लागली. खाटेवरून दारापर्यंत जायला वीतभर वाट उरली आणि त्या वाटेनं मी पुढचा महिनाभर तारेवरच्या डोंबाऱ्यासारखा चाललो.

"काकी, खोली माझी आहे ना?" मी एकदा धीर करून विचारलं.

"तुझीच हाय. पण आंबे तुझ्या आधीपासून येतात इथं. त्यांना विचार, तुझी अडचण होते काय."

त्यानंतर नियम आले. खोलीत स्टोव्ह नाही, उदबत्ती नाही, वासाचा साबण नाही. सकाळी तासभर दार उघडायचं, मग बंद. काकी स्वतः मात्र कधीही, दारावर थाप न मारता आत येत. मी धोतर बदलत असलो तरी. मी ओरडलो तर शांतपणे म्हणत, "तुझ्याकडे कोण आलाय? मी आंब्यांकडे आले."

आणि मग जे घडे ते मी धोतराचा सोगा हातात धरूनही टक लावून बघत राही. त्या उकिडव्या बसत, पेंढ्यात हात घालून एक आंबा काढत, देठाशी नाक नेत आणि सांगत: "गुरुवार." दुसरा: "शुक्रवार, दुपारनंतर." तिसरा: "हा आळशी हाय. आयतवार." मी गंमत म्हणून एकदा पाच आंब्यांवर पेन्सिलीनं बारीक खुणा केल्या आणि त्यांनी सांगितलेले वार वहीत लिहून ठेवले. पाचही आंबे आपापल्या वारी तयार झाले. आळशीसुद्धा. त्या दिवसापासून मी काकींशी बोलताना आपोआप उभा राहू लागलो.

त्या वर्षीची अढी मात्र नेहमीची नव्हती. काकींच्या यजमानांना जाऊन वर्ष होत होतं. मुंबईला गिरगावात राहणारे दीर दिवसकार्याला आले तेव्हा म्हणाले होते, "वहिनी, बाईमाणसाला आंब्याची कलमं सांभाळणं झेपायचं नाही. विकून टाकू." त्यावर काकींनी सगळ्या भावकीसमोर उत्तर दिलं होतं: "भावजी, वैशाखात तुमच्या लेकीचा लग्न हाय. सहा पेट्या मी पाठवते. पंगत बसेल त्या दिवशी आंबा तयार असेल. एक जरी कच्चा नाहीतर उतरलेला निघाला, तर या नि कलमं विका."

ही हकिगत मला त्यांनीच सांगितली, आंबे उलटता उलटता, जणू दुसऱ्याच कुणाची. लग्न बुधवारी होतं. त्याआधीच्या रविवारच्या आगबोटीनं पेट्या जायच्या होत्या. माझ्या खाटेशेजारी जे पेंढ्यात झोपले होते, ते आंबे नव्हते. ती काकींची तीस कलमं होती.

आणि इथे मी, गुळाच्या दुकानातला, रंगमंचावर प्रवेश करतो.

लग्नाला नऊ दिवस असताना काकींना लांज्याला बहिणीकडे बारशाला जावं लागलं. जाताना दाराशी थांबून म्हणाल्या, "परवा बुधवारी येते. कशाला हात लावू नकोस. तुला अक्कल हाय असा समजून चाललेय." त्याच संध्याकाळी एका विद्यार्थ्याच्या बापानं शाळेत मला केळीचा अख्खा घड भेट दिला. अर्धा पिवळा, अर्धा हिरवा. मी विचार केला, आणि मला अजून आठवतं की त्या विचाराचा मला अभिमान वाटला होता: पेंढ्यात जर आंबा पिकतो, तर केळी का पिकणार नाहीत? मी घड उचलला आणि अढीच्या मधोमध, पेंढ्यात, लेकराला निजवावं तसा निजवला. वरून पेंढा पांघरला. काकी आल्यावर त्यांना पिवळीधमक फणी भेट द्यायची, अशी माझी कल्पना होती.

बुधवारी दुपारी काकी आल्या. मी ओटीवर चित्रं तपासत होतो. त्या कुंपणाच्या बेड्याशी, फाटकातच, थबकल्या. घर वीस पावलांवर. डोक्यावरचं बोचकं तसंच, नाकपुड्या फुललेल्या.

"मास्तर, कोण आला होता?"

"कोणी नाही, काकी."

"खोटा नको बोलूस. केळा आला हाय."

त्या धावत आत गेल्या. पेंढा उपसला. घड उचलून कोपऱ्यात टाकला. मग भोवतालचा एक आंबा उचलून हुंगला, दुसरा हुंगला, आणि खाली बसल्या. "शनिवार," त्या म्हणाल्या. "सगळे शनिवारी उठतील. पंगत बुधवारी."

पिकत्या केळ्याशेजारी कुठलंही कच्चं फळ घाईला येतं, हे तिथल्या पाच वर्षांच्या पोरालाही ठाऊक होतं. मला नव्हतं. मी गुपचूप ट्रंक पुढे ओढली.

"काय करतोस?"

"खोली सोडतो, काकी. दुसरं काय तोंड दाखवू?"

"तोंड नको मला तुझा. नाक हाय ना? बस इथं."

मग जे झालं त्याला मी आयुष्यातलं एकमेव खरं शिक्षण म्हणतो. काकींनी खिडक्या सताड उघडल्या, विहिरीचं पाणी शिंपून ओटी गार केली आणि अढीतला एकेक आंबा माझ्या हाती देऊ लागल्या. "देठाशी हुंग. पोटाशी हुंगतो तो गिऱ्हाईक. डोळे मीट, डोळे लबाड असतात. चिकाचा वास येतो? म्हणजे झोपलाय. ओल्या गवताचा? कूस बदललीन. मधाचा आला तर उठून बसलाय, त्याला बाजूला काढ." शंभरेक आंब्यांपर्यंत मला फक्त आंब्याचा वास येत होता. "मेल्या, गूळ विकायचास तेवढाच बरा होतास," असा जप चालू होता. पुढं कधीतरी एक आंबा नाकाशी नेला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हा कूस बदलतोय." काकींनी तो हिसकावून हुंगला. पुढचा हातात दिला. मला पदक मिळाल्यासारखं वाटलं.

दिवस मावळेपर्यंत हिशेब लागला. भिंतीकडचे, केळ्यापासून लांबचे आंबे वाचले होते. ते गार ओटीवर सुटे मांडले. त्यांच्या चार पेट्या होणार होत्या. दोन पेट्यांचे आंबे कमी. विहिरीवरच्या कलमावर आंबे होते, पण आज उतरवले तर तयार व्हायला दहा-बारा दिवस लागणार. हातात सात.

काकी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. त्यांची नजर कोपऱ्यात टाकलेल्या माझ्या घडाकडे गेली.

"मास्तर," त्या हळूच म्हणाल्या, "तुझा पाव्हणा आण बघू इकडं."

विहिरीवरचे हिरवेगार आंबे पेंढ्यात शिरले आणि त्यांच्या मधोमध, काकींनी स्वतःच्या हातानं मोजून ठेवलेल्या माझ्या केळ्यांच्या तीन फण्या. तीनच. शुक्रवारी त्यांनी हुंगून एक फणी काढली. शनिवारी दुसरी. रविवारी सकाळी तिसरी बाहेर आली आणि सहाही पेट्या भरून बंदराकडे गेल्या. माझ्या घाईला आलेल्या आंब्यांचा रस सगळी आळी दोन दिवस खात होती, आणि प्रत्येक घरातून मला निरोप येत होता, "मास्तरांना सांगा, पुढच्या वर्षी पण केळी आणा."

पुढचे आठ-दहा दिवस काकींचे कान रस्त्याकडे होते. पोस्टमनची चाहूल लागली की हातातलं काम थांबे. शेवटी कार्ड आलं. त्यांना वाचता येत नसे, म्हणून मी ओटीवर उभा राहून वाचलं. दिरांनी लिहिलं होतं: "लग्न पार पडले. पंगतीला आंबे वाढले. व्याह्यांनी दोनदा मागून घेतले. यंदा कलमांना शेणखत जरा जास्त घालावे."

"शेवटचा परत वाच," काकी म्हणाल्या.

वाचलं.

"परत."

तिसऱ्यांदा वाचल्यावर त्यांनी पदरानं नाक पुसलं, तेच ते नाक, आणि म्हणाल्या, "बघ मेल्याचा. उभा जन्म गिरगावात गेला नि मला शेण शिकवतो!" मग आत जाऊन त्यांनी इतका वेळ भांडी वाजवली की मी मुद्दामच पाणी मागायला गेलो नाही.

त्या खोलीत मी तीन वर्षं राहिलो. गावात तो विक्रम होता. पुढं पुण्याला नोकरी मिळाली तेव्हा काकी एसटीपर्यंत आल्या. गाडी सुटताना चारचौघांत माझी मान वाकवून त्यांनी मला हुंगलं. "आता तुला गुळाचा वास नाय येत," त्या म्हणाल्या. "जा."

दर वैशाखात पुण्याला एक पेटी येई. पत्र नसे. फळीवर गेरूच्या रेघा असत. दोन रेघा म्हणजे पेटी आल्यापासून दोन दिवस थांबायचं, तीन म्हणजे तीन. मी रेघ कधी मोडली नाही आणि आंबा कधी चुकला नाही.

परवाच्या वैशाखात पेटी आली तिच्यावर चार रेघा होत्या, जराशा वाकड्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पुतणीचं कार्ड आलं. काकी गेल्या. आजारपण असं नव्हतंच. सकाळी पेटी भरून, रेघा ओढून धाडली, दुपारी झोपल्या त्या उठल्या नाहीत.

बायको म्हणाली, "आजच उघडू या का? त्यांच्या फोटोपुढं ठेवायला."

मी म्हणालो, "फोटो नाही आपल्याकडे. आणि अजून तीन दिवस आहेत." मग स्वयंपाकघरात गेलो, टोपलीतली केळी उचलली आणि शेजाऱ्यांकडे नेऊन दिली.