निळ्या काठाचा सहावा कप

बाळांनो, परवा व्हिडिओवर बोलताना माझ्या मागच्या भिंतीवरचा फोटो पाहून तुम्ही विचारलंत, "आजी, हा कप मग खाली पडला की नाही?" तेवढ्यात तुमच्या शाळेची बस आली आणि उत्तर राहून गेलं. तोंडी सांगायला गेले की हल्ली मधलं काहीतरी सुटतं, म्हणून आजच लिहून काढते आहे.

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं. आम्ही कॉलेज रोडच्या मागे राहत होतो. निवृत्त झाल्यावर तुमच्या आजोबांना एक छंद लागला: डोळ्याला दिसत नाही इतक्या झटकन घडणाऱ्या गोष्टींचे फोटो काढायचे. दुधात पडणारा थेंब, पाण्यात बुडी मारणारं द्राक्ष, फुटणारा दिव्याचा गोळा. जुन्या टेपरेकॉर्डरचा माइक आणि फ्लॅश जोडून त्यांनी साबणाच्या डबीत एक यंत्र बसवलं होतं. आवाज झाला की फ्लॅश उडायचा. खोलीत मिट्ट अंधार करायचा, कॅमेऱ्याचं शटर उघडं ठेवायचं आणि वस्तू सोडायची. ती फुटल्याच्या आवाजाने क्षणभर लख्ख उजेड पडे आणि फिल्मवर तेवढंच उमटे.

त्यासाठी आम्ही भरदुपारी मागच्या खोलीच्या खिडक्यांना गोधड्या टांगत असू. घरात कुणी चकार शब्द काढायचा नाही. शेजारच्या कुकरच्या शिट्टीनेही दोनदा फ्लॅश उडाला होता. चांदवडकडच्या आमच्या कामाच्या मावशी भांडी तशीच ठेवून पायरीवर जाऊन बसायच्या. "लोक फुटकं सांधतात, तुमी धडकं फोडता," त्या म्हणायच्या. "लय शिकलेलं घर हाय बाई हे."

फुटणाऱ्या कपाचा फोटो मात्र काही केल्या जमेना. साध्या पांढऱ्या कपाचे तुकडे फोटोत फरशीच्या कपच्यांसारखे दिसत. मग मी माझ्या आईने लग्नात दिलेले निळ्या काठाचे सहा कप काढले. कुणी ते नुसते उचलले तरी "जपून" म्हणायची मला तीस वर्षांची सवय. एक देईन म्हटलं होतं. गेले पाच.

कारण होतं आजोबांचा उजवा हात. वर्षभरापासून तो थरथरत होता, आणि ही थरथर वाढतच जाणार असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. चारचौघांत ते हात खिशात ठेवत. चहा बशीत सांडतो म्हणून मित्रांकडे जाणंही त्यांनी बंद केलं होतं. शटर मी सांभाळायची आणि कप ते सोडायचे, पण तो कधी चौकटीबाहेर पडे, तर कधी बोटांतून आधीच निसटे. मी सोडते म्हटलं की त्यांचा चेहरा उतरायचा.

सहावा कप काढला त्या दिवशी मी पुन्हा विचारलं.

"नको," ते म्हणाले. "हा एक तरी माझ्या हातून होऊ दे."

नेम चुकू नये म्हणून ते पाटावर बसले आणि कप शहाबादी फरशीपासून जेमतेम हातभर उंच धरला. मी कॅमेरा थोडा मागे घेतला. चौकटीच्या वरच्या कडेला त्यांची बोटं येत होती. ती नंतर फोटोतून कापू म्हणाले. बोलायची सोय नव्हती, म्हणून शटर उघडलं की मी त्यांच्या कोपराला हात लावायचा आणि त्यांनी कप सोडायचा, असं ठरलं.

दिवा बंद केला. यंत्र सुरू केलं. रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता, तो दूर जाईपर्यंत आम्ही थांबलो. मग मी शटर उघडलं आणि अंधारात त्यांच्या कोपराला हात लावला. सगळा हात करवतीने लाकूड कापताना थरथरावा तसा थरथरत होता. बोटं उघडली, तेही मला तिथेच कळलं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "जपून."

फ्लॅश उडाला. त्यानंतर, पुन्हा झालेल्या अंधारात, कप फुटला.

मी दिवा लावला. आजोबा तुकड्यांकडे पाहत होते. "यंत्र तुझ्या तोंडाला बसवायला हवं होतं," एवढंच म्हणाले आणि गोधड्या काढायला उठले. पुढचे चार दिवस आम्ही मीठ-तिखटापुरतं बोललो. रोल धुवायला द्यायलाही ते तयार नव्हते. मीच स्टुडिओत नेऊन दिला.

फोटो आले ते त्यांनी जेवणाच्या टेबलावर एकेक करून मांडले. शेवटच्यात कप अखंड होता, फरशीच्या बराच वर, निळा काठ रेखीव. वर त्यांची पाच बोटं उघडलेली. मी कपाकडे बघत होते. ते दुसरीकडेच बघत होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"अगं, हात हलत नाहीये," ते म्हणाले.

खरंच हलत नव्हता. बोटांवरची नखं, सुरकुत्या, अंगठ्यावरचा डाग, सगळं स्वच्छ. मी बोटं कापायची आठवण करून दिली, तर नको म्हणाले. त्याच आठवड्यात त्यांनी तो फोटो मोठा करून बाहेरच्या खोलीत लावला आणि मित्रांना चहाला बोलावलं. सगळ्यांसमोर त्यांनी कप उचलला. चहा सांडलाच. त्यांनी तो बशीतून प्यायला.

पुढची वर्षं सोपी नव्हती. थरथर वाढत गेली, ती थांबली नाही.

तर उत्तर असं की कप पडला आणि फुटला. फोटो भिंतीवर आहे, निगेटिव्ह कपाटात पाकिटात आहे. आईच्या कपांपैकी एकही उरला नाही. बशा सहाही आहेत; दुधावर मी त्याच झाकते.